तेलाचा पैसा दाराबाहेर ठेवणारा देश

खाडीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, लिहायचं लिहायचं म्हणत बरेच दिवस गेले, आज बसलोच. मी उरणकडचा. निम्मी नोकरी मुंबई हायच्या प्लॅटफॉर्मवर चौदा दिवस पाण्यात, चौदा दिवस घरी अशी काढली, आणि मग साडेचार वर्षं नॉर्वेत स्टाव्हांगरला होतो, तेलाच्याच कामावर. परवा जेवताना पुतण्याने विचारलं, काका, व्हेनेझुएलाच्या जमिनीत सौदीपेक्षा जास्त तेल आहे म्हणतात, मग तिथली माणसं देश सोडून का गेली? आणि नॉर्वेत सगळं ठीक कसं? तेल तर दोघांकडे आहे. तेव्हा जे सांगितलं ते मलाच तोकडं वाटलं म्हणून हा धागा.

स्टाव्हांगर म्हणजे तेलाच्या आधी डबाबंद मासळीचं गाव. १९५८ मध्ये त्यांच्या भूगर्भ खात्याने सरकारला लेखी कळवलं होतं की आपल्या किनाऱ्यालगतच्या समुद्रात तेल-कोळसा असण्याची शक्यता सोडून द्या. दुसऱ्याच वर्षी खाली हॉलंडमध्ये ग्रोनिंगेनला प्रचंड मोठा गॅस सापडला आणि सगळ्यांचे डोळे उत्तर समुद्राकडे वळले. १९६२ मध्ये फिलिप्स या अमेरिकन तेल कंपनीने पत्र पाठवलं, महिना १ लाख ६० हजार डॉलर देतो, तुमच्या समुद्रात शोध घेण्याचा हक्क आम्हाला एकट्याला द्या. त्या काळच्या नॉर्वेला ही रक्कम लहान नव्हती. पण त्यांनी नाही म्हटलं. आधी १९६३ मध्ये समुद्रतळ देशाच्या मालकीचा असल्याचं जाहीर केलं, १९६५ ला ब्रिटन आणि डेन्मार्कशी हद्द ठरवून घेतली, आणि मग सगळ्याच कंपन्यांना तुकड्या-तुकड्याने परवाने दिले. तेलाचा एक थेंब दिसायच्या आधी हे सगळं झालेलं होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मग बरीच वर्षं कोरड्या विहिरी. फिलिप्स तर गाशा गुंडाळायच्या बेतात होती, पण विहीर खोदणाऱ्या रिगचं भाडं बांधलेलं, दुसरं कोणी ती रिग घेईना, म्हणून अजून एक विहीर मारली आणि १९६९ च्या अखेरीस एकोफिस्क हे मोठं तेलक्षेत्र लागलं.

आता मला सगळ्यात भावलेली गोष्ट. फारूक अल-कासिम नावाचे इराकी भूगर्भशास्त्रज्ञ, बसऱ्याचे. इराक पेट्रोलियम कंपनीत (नाव इराकचं, मालकी परदेशी कंपन्यांची) मोठ्या हुद्द्यावर होते, बायको नॉर्वेजियन. धाकट्या मुलाला सेरेब्रल पाल्सी, त्याच्या उपचारांसाठी सगळं सोडून १९६८ च्या मे महिन्यात नॉर्वेला आले. ओस्लोला सकाळी उतरले, बायकोच्या गावाला जाणारी गाडी संध्याकाळची, दिवस रिकामा. म्हणून उद्योग मंत्रालयात गेले आणि विचारलं, इथे काम करणाऱ्या तेल कंपन्यांची यादी मिळेल का, नोकरी शोधतोय. तिथे तेलाचं काम बघणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी, आणि समोर तेलक्षेत्रात आयुष्य घालवलेला माणूस उभा. त्यांनी त्यालाच ठेवून घेतलं! विहिरींचे अहवाल तपासायला दिले आणि पुढे धोरणाचा मसुदा करण्यातही तो माणूस होता. स्वतःच्या देशात त्याने पाहिलं होतं की तेल आपलं, पण कुठे किती उपसायचं ते लंडनला ठरतं. त्यामुळे सरकारने फक्त वाटा घेऊन बसू नये, काम शिकून घ्यावं, हा त्याचा आग्रह. आणि बघा, १९७२ च्या जूनमध्ये इराकने ती कंपनी राष्ट्रीयीकृत केली आणि त्याच महिन्यात नॉर्वेच्या संसदेने स्टॅटऑइल ही सरकारी तेल कंपनी काढायचं ठरवलं. इराकला हक्क हिसकावून घ्यावा लागला. नॉर्वेने तो हातचा जाऊच दिला नव्हता.

नियम थोडक्यात सांगतो. नफ्यावर कर एकूण ७८ टक्के. पण शोधाचा खर्च वजा मिळतो, म्हणजे विहीर कोरडी गेली तर तोट्यातही सरकारचा हिस्सा. परवान्यांत सरकारी भागीदारी. स्टॅटऑइल धंदा करणार, आणि तिच्यावर नजर ठेवायला स्टाव्हांगरलाच वेगळं पेट्रोलियम संचालनालय, दोन्ही एकाच वर्षी काढलेले. विहिरीतला गॅस जाळून टाकायला सुरुवातीपासून बंदी, चाचणीपुरती मुभा. (नायजेरियात तोच गॅस पिढ्यान्‌पिढ्या गावांच्या उशाशी जळत राहिला.) आणि हे त्यांना नवीन नव्हतं, १९०० नंतरच्या दशकात धबधब्यांवर वीज करायला परदेशी भांडवल आलं तेव्हाच त्यांनी कायदा केला होता, की मुदत संपली की धबधबा आणि प्रकल्प सरकारजमा. तेलाला तीच सवय लागू पडली.

आता शीर्षकाचं. तेलातून सरकारला मिळणारा पैसा साठवायच्या निधीचा कायदा १९९० ला झाला, १९९६ ला पहिले पैसे पडले. आज तो जगातला सगळ्यात मोठा सरकारी निधी आहे, २०२४ अखेर जवळपास २० लाख कोटी क्रोनर. लोकसंख्या ५५ लाख. माणशी ३५ लाख क्रोनरच्या वर, आपल्या पैशात अडीच कोटींहून जास्त. पण त्यातला एक क्रोनरही नॉर्वेत गुंतवता येत नाही. सगळा परदेशात, शेअर, रोखे, इमारती. जगातल्या नोंदणीकृत कंपन्यांचे सरासरी दीड टक्का शेअर त्यांच्याकडे आहेत. सरकारने दरवर्षी त्यातून काढायचं ते अपेक्षित परताव्याइतकंच, २००१ ला हा आकडा ४ टक्के ठरला, २०१७ ला ३ वर आणला.

लोक म्हणतात बचत केली. बचत तर आहेच, पण पैसा देशाबाहेर का ठेवला ते मला तिथे जाऊन नाही, आपल्या गावाकडे बघून कळलं. आमच्या पट्ट्यात एक मोठा प्रकल्प आला (नाव नको), जमिनीचे पैसे आले, कंत्राटं आली. दोन-तीन वर्षांत गवंड्याची मजुरी दुप्पट, भात लावायला माणूस मिळेना, होडीवर खलाशी मिळेना, मिठागरं ओस पडली. कोणी वाईट वागलं नव्हतं. नवीन पैशाने सगळ्याचे भाव वर नेले आणि जुने धंदे त्या भावात उभे राहीनात. मग प्रकल्पाचं बांधकाम संपलं, कंत्राटं आटली, तोवर मीठ पिकवायचं कसं हे माहीत असलेली पिढी म्हातारी झालेली. अर्थशास्त्रात याला डच डिसीज म्हणतात, ग्रोनिंगेनच्या गॅसनंतर हॉलंडच्या कारखान्यांचं जे झालं त्यावरून. देशाच्या पातळीवर भर एवढीच की चलन महाग होतं, म्हणजे तुमची मासळी, तुमची जहाजं बाहेर विकलीच जात नाहीत.

आणि शेवटचं. एवढा पैसा असून तिथे पेट्रोल जगातल्या सगळ्यात महाग देशांमधलं, बहुतेक वस्तूंवर २५ टक्के व्हॅट, माझ्या पगारातून घसघशीत कर कापला जायचा. सुरुवातीला राग यायचा. पण कँटीनमध्ये तिथली माणसं सरकारला शिक्षकापासून मंत्र्यापर्यंत ज्या हक्काने जाब विचारायची, तो हक्क त्या कराच्या पावतीतून येतो. सरकारला पैसा विहिरीतूनच मिळाला तर त्याला माणसांची गरज उरत नाही. व्हेनेझुएलाचं तिथेच बिघडलं असं माझं मत, चूक असेल तर सांगा.

शेंगदाणा_चटणी

छान लिहिलंय दादा. मिठागराचं उदाहरण एकदम पटलं, आमच्याकडे पेणला हेच झालं. व्हेनेझुएलावर अजून लिहा ना.

रिफायनरीवाला

व्हेनेझुएलाचं मी लिहितो, कारण त्यांचं क्रूड हाताळलंय. मी गुजरातेत रिफायनरीत होतो, जामनगर पट्ट्यात ते तेल यायचं, आपल्याकडच्या मोठ्या रिफायनऱ्या जड तेल पचवायला बांधलेल्या म्हणून. लोक ३०० अब्ज बॅरल साठा म्हणतात, खरंय, पण त्यातलं बहुतेक ओरिनोको पट्ट्यातलं आणि ते तेल म्हणजे जवळजवळ डांबर. नाफ्था किंवा हलकं तेल मिसळल्याशिवाय पाइपातून सरकत नाही. म्हणजे तिथे तेल 'आहे' आणि तिथे तेल 'निघतं' यामध्ये प्रचंड यंत्रसामग्री आणि शहाणी माणसं लागतात. २००२-०३ च्या संपानंतर राष्ट्राध्यक्ष चावेझच्या सरकारने पेदेवेसा या सरकारी कंपनीतली सुमारे १८ हजार माणसं काढली. इंजिनियर, भूगर्भवाले, जहाजांवरचे, सगळे. त्या वेळी तेलाचे भाव चढत होते म्हणून काही वर्षं कोणाला कळलंच नाही. २०१४ ला भाव पडले आणि सगळं उघडं पडलं. १९९८ च्या सुमारास रोज ३० लाख बॅरलच्या वर काढणारा देश २०२० ला ५ लाखांच्या आसपास आला. विहिरीची देखभाल दोन वर्षं थांबवली तर ती परत सुरू करणं नव्याने खोदण्याइतकं अवघड होऊन बसतं, हे कामावरच्या माणसाला विचारा.

पण सगळं चावेझवर ढकलणं मला मान्य नाही. तो आला १९९९ ला. त्याआधी सत्तरच्या दशकात तेलाचे भाव चौपट झाले तेव्हा राजधानी कॅराकसला काँकॉर्ड हे आवाजापेक्षा वेगवान, महागडं विमान उतरायचं, आणि मायामीच्या दुकानांत व्हेनेझुएलाची माणसं 'स्वस्त आहे, दोन द्या' म्हणायची म्हणून प्रसिद्ध होती. १९७६ ला तेल राष्ट्रीयीकृत केलं, आणि त्याच भरभराटीत डोक्यावर कर्ज करून ठेवलं. ऐंशीच्या दशकात भाव पडले. १९८९ च्या फेब्रुवारीत पेट्रोल वाढवलं, बसभाडं वाढलं आणि कॅराकस पेटलं, शेकडो माणसं मेली. तिथे पेट्रोल जवळपास फुकट देणं हा सरकार आणि जनतेमधला करारच होता. खाडीकाठ म्हणतात तसा कराचा धागा नव्हताच कधी, मग तुटल्यावर धरायला काहीच नाही.

आणि हे त्यांच्याच माणसांनी आधी सांगितलेलं! १९३६ मध्ये तिथले लेखक उस्लार पिएत्री यांनी लिहिलं होतं की तेल 'पेरा', म्हणजे त्या पैशातून शेती-उद्योग उभे करा. ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेच्या स्थापनेत ज्यांचा मोठा हात ते पेरेझ अल्फोन्सो, ते व्हेनेझुएलाचेच, ते तर उतारवयात तेलाला सैतानाची विष्ठा म्हणायचे. निधी नव्हता असंही नाही, १९९८ मध्ये काढला होता. काही वर्षांत रिकामा केला. कायदा कागदावर असून भागत नाही.

तर्कट

लेख चांगला आहे पण नॉर्वेचं कौतुक जरा जास्त होतंय. ५५ लाख लोक, आधीपासून साक्षर, आधीपासून लोकशाही, आधीपासून जहाजधंदा. त्यांचं उदाहरण नायजेरियाला द्यायचं म्हणजे सुखवस्तू घरातल्या पोराचं प्रगतिपुस्तक झोपडीतल्या पोरापुढे नाचवणं. नायजेरियात १९५६ ला ओलोइबिरीला तेल लागलं तेव्हा देश इंग्रजांच्या ताब्यात होता, नियम कोण करणार होतं? स्वातंत्र्याला सात वर्षं होतात तोच बियाफ्राचं यादवी युद्ध. नंतर लष्करी राजवटी. लेखक केन सारो-विवा ओगोनी या आपल्या जमातीच्या जमिनीसाठी उभा राहिला तर १९९५ ला फासावर दिला. शिवाय हाच नॉर्वे घरी इलेक्ट्रिक गाड्या चालवतो आणि तेल-गॅस जगाला विकतो, त्या धुराचा हिशेब कोणी मागायचा?

खाडीकाठ

तर्कट, नायजेरियाबद्दल तुमचं सगळं बरोबर आहे, मी वाद घालणार नाही. ज्याच्या हाती नियम करायची सत्ताच नव्हती त्याला नियम का केले नाहीत म्हणून विचारणं अन्याय आहे. इलेक्ट्रिक गाड्यांचंही खरं, २०२४ मध्ये तिथे विकलेल्या नव्या गाड्यांत दहातल्या जवळपास नऊ विजेवरच्या होत्या आणि त्या वर्षी तेल काढणं काही थांबलं नव्हतं. तिथल्या तरुण पोरांमध्ये यावरून खूप खळबळ आहे, माझ्याबरोबरचा एक जण याच कारणाने नोकरी सोडून गेला.

पण सधन आणि लोकशाही असणं पुरतं हेही खरं नाही. ब्रिटन बघा ना. तोच समुद्र, तीच वर्षं, तेच तेल, नॉर्वेपेक्षा जुनी लोकशाही. त्यांनी निधी काढला नाही, ऐंशीच्या दशकात आलेला पैसा चालू खर्चात आणि करकपातीत गेला. आणि त्याच ब्रिटनमध्ये शेटलंड बेटं, २०-२२ हजार वस्ती, त्यांनी १९७४ मध्ये संसदेतून स्वतःपुरता कायदा करून घेतला आणि सलम व्हो हे तेल उतरवायचं टर्मिनल बांधायला देताना तेल कंपन्यांकडून बेटांसाठी पैसे लावून घेतले, त्याचा न्यास अजून आहे. म्हणजे तालुक्याएवढ्या वस्तीला जमलं, लंडनला नाही जमलं.

आणि काळी बाजू लिहायला हवी होती, राहिली. १९८० च्या मार्चमध्ये आलेक्झांडर शेलान नावाचा राहण्याचा प्लॅटफॉर्म वादळात उलटला, १२३ माणसं गेली. आम्हाला सेफ्टीच्या ट्रेनिंगमध्ये ते शिकवायचे, एका वेल्डिंगच्या भेगेपासून सुरू झालेलं. सुरुवातीच्या काळातल्या पाणबुड्या कामगारांची तर अजूनच वाईट कथा, खोल पाण्यात काम करून मेंदू-फुफ्फुसं कायमची बिघडलेली माणसं, त्यांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं, २०१३ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने नॉर्वेच्या विरोधात निकाल दिला तेव्हा कुठे. त्या निधीत त्यांचंही देणं आहे.

जुना कुवेती

नमस्कार, वाचतोय. वय झालंय, टायपिंग हळू आहे, चुका पोटात घाला.

मी रत्नागिरीकडचा, कुवेतला २६ वर्षं काढली. एक सांगू इच्छितो की निधीची कल्पना नॉर्वेची नाही. कुवेतने १९५३ मध्येच लंडनला गुंतवणूक मंडळ काढलं, अजून देश स्वतंत्रही झाला नव्हता. १९७६ ला पुढच्या पिढ्यांसाठी वेगळा निधी केला, दरवर्षीच्या उत्पन्नाचे १० टक्के त्यात. आणि तो कामाला आला. १९९० ला सद्दाम आला तेव्हा सरकार पळून सौदीत गेलं, पुढे देशात विहिरी पेटल्या, पण परदेशातल्या पैशावर ते सरकार चाललं आणि नंतर देश पुन्हा बांधला. आम्ही बसने इराकमार्गे जॉर्डनमध्ये अम्मानला, तिथून एअर इंडियाने मुंबई. लाखाहून जास्त भारतीय तसे आले. हातात एक बॅग.

तेलाआधी ते लोक मोती काढायचे आणि ते मोती मुंबईला विकायचे, जपानच्या कृत्रिम मोत्याने तो धंदा बसवला. १९६१ पर्यंत तिथे आपला रुपया चालायचा, रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या होत्या १९५९ ला. माझे मामा सांगायचे, तेव्हा तिकडे जाणं म्हणजे गरीब गावाला जाणं.

पण खाडीकाठ, तुमचा कराचा मुद्दा तिथे बघितला मी. नागरिकाला आयकर नाही, सरकारी नोकरी जवळपास हक्काची, वीज-पाणी नाममात्र. बाकी सगळं काम आम्ही बाहेरचे करणार, लोकसंख्येत दोन तृतीयांशाहून जास्त आम्हीच. त्यांची संसद आखातात सगळ्यात बोलकी, तरी २०२४ च्या मे महिन्यात अमिरांनी ती बंद केली चार वर्षांपर्यंत. बचत दोघांनीही केली. घरचं काम मात्र नॉर्वेवाले स्वतः करायला शिकले. आणि त्या आखाती पैशातून आमच्या गावात कौलं जाऊन स्लॅब आले, शाळा आली, दवाखाना आला. पोरं गेली ती गेलीच. आंब्याच्या बागा गुरख्यांच्या हातात आहेत. तुमच्या मिठागरांसारखंच.

अवनी०७

काका, तुमचं अम्मानचं वाचून अंगावर काटा आला. वेगळा धागा काढा, प्लीज.

मला प्रश्न आहे की मुंबई हायचे पैसे महाराष्ट्राला मिळतात का? आसामला मिळतात ना?

खाडीकाठ

अवनी, चांगला प्रश्न. राज्यघटनेच्या कलम २९७ प्रमाणे समुद्रातली खनिजं केंद्राची. जमिनीवर तेल निघालं तर रॉयल्टी राज्याला, म्हणून आसाम-गुजरातला मिळते. समुद्रातली केंद्राला. १९७४ ला सागरसम्राट रिगने मुंबई हाय शोधलं, १९७६ च्या मेमध्ये तेल सुरू झालं, आणि ऐंशीच्या दशकात देशाच्या तेलाच्या गरजेतला केवढा तरी भार त्याने उचलला. आता ८५ टक्क्यांहून जास्त आयात. आपल्याकडे तेलाचा शाप लागायला तेल कधी पुरलंच नाही, गरजच मोठी. पण प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटर मासेमारी बंद, पाइपलाइन उतरते आमच्या किनाऱ्यावर, आणि करंजा-मोऱ्याच्या कोळ्याला त्याच्या नावाने वेगळा असा वाटा नाही. शेटलंडचं वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा तेच आठवलं.

टोरंटोची_मावशी

उशिरा आले धाग्यावर. माझी शेजारीण गयानाची, पूर्वज उत्तर प्रदेश-बिहारकडून उसाच्या मळ्यांवर गेलेले. तिथे २०१५ ला समुद्रात तेल सापडलं, २०१९ च्या अखेरीस निघायला लागलं, ८ लाखांचा देश, २०२२ मध्ये एका वर्षात अर्थव्यवस्था ६० टक्क्यांवर वाढली. पण करार २०१६ चा. १०० पिंपं निघाली तर ७५ पर्यंत कंपन्यांच्या खर्चापोटी, उरलेल्या २५ मधली निम्मी सरकारची, वर २ टक्के रॉयल्टी. म्हणजे सुरुवातीला साडेचौदा. खाडीकाठ, हे तुमच्या ७८ शी कसं ताडायचं?

खाडीकाठ

मावशी, सरळ ताडता येत नाही, ७८ टक्के नफ्यावर आहेत आणि साडेचौदा एकूण उत्पादनावर, खर्च वसूल झाला की गयानाचा हिस्साही वाढेल. तरीसुद्धा त्यांचे स्वतःचे लोकही करार कमी पदरात पाडणारा म्हणतात. नॉर्वेकडे १९६२ ते ६९ अशी सात वर्षं होती विचार करायला. गयानाने करार केला तेव्हा तेल सापडून झालेलं होतं आणि शेजारी व्हेनेझुएला एसेक्विबो, म्हणजे देशाचा दोन तृतीयांश भाग, माझा म्हणत उभा. अशा वेळी मोठी कंपनी आपल्या समुद्रात असावी असं वाटणं मी समजू शकतो. मला काळजी निधीची आहे. २०१९ ला कायदा केला, २०२१ ला बदलला, २०२४ मध्ये वर्षाला काढायची मर्यादा पुन्हा सैल केली. रस्ते-पूल लागतात हे खरं, पण सवय लागते.

टोरंटोची_मावशी

तिचा भाऊ तिथे भात लावायचा. म्हणते, आता मजूर मिळत नाही, सगळे राजधानी जॉर्जटाउनला बांधकामावर नाहीतर ड्रायव्हर. तुमचं मिठागराचं तिला भाषांतर करून सांगितलं, ती बराच वेळ गप्प होती.

खाडीकाठ

मावशी, तिला विचाराल का, भावाने शेत विकलं की ठेवलंय?

टोरंटोची_मावशी

विचारलं. ठेवलंय म्हणते. खंडाने दिलंय दुसऱ्याला, स्वतः ट्रक चालवतो.